याकूतच्या नावाच्या बाटल्या

३ ऑक्टोबर, गुरुवार

वही आजपासून सुरू. प्रयोगाची वही वेगळी आहे, तिच्यात फक्त आकडे. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख उस्ताद सकल्ली यांनी मागे एकदा सुनावलं होतं, "इत्तो, तुझी चिडचिड प्रयोगाच्या वहीत लिहू नकोस, ती संशोधन समितीला वाचावी लागते." म्हणून ही दुसरी. हिच्यात समितीने डोकावू नये.

पाचवा घोडा मिळाला! चार महिने एका घोड्यापायी अडलो होतो. आमच्या बर्बर घोड्यांच्या चरबीत मूलपेशी असतात हे कोणीही सांगेल. पण "असतात" म्हणणं वेगळं आणि "ह्या बघा, ह्याच त्या" असं बोट ठेवून दाखवणं वेगळं. मूलपेशी म्हणजे जी अजून कोणीच झालेली नाही आणि हाड, चरबी, कूर्चा यांतलं काहीही होऊ शकते ती. तसं काही तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. ती बाटलीच्या तळाला चिकटते का, वाढते का, तिच्यापासून काय काय बनतं, अंगावर कुठल्या खुणा आहेत, हे एकेक तपासून तिची ओळख पटवायची. पाच घोड्यांच्या पेशींची ओळख पटली की अहवाल पुरा. माझा करारही डिसेंबरात संपतो, त्यामुळे घाई मला जास्त.

घोड्याचा मालक आज स्वतः रबातला आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला. बा बुअज्जा, खमिसातकडचा, वय त्र्याहत्तर, पाठ अजून सरळ. पंधरा स्वारांच्या सोर्ब्याचा, म्हणजे जत्रेतल्या घोडदौडीच्या तुकडीचा, मुकद्दम आहे. त्याच्या एका हाळीवर पंधरा घोडे उधळतात आणि पंधरा बंदुका एका दमात उडतात. त्याचा याकूत तीन आठवड्यांपूर्वी सरावात डाव्या पुढच्या पायावर अडखळला आणि पायामागची कंडरा फाटली. म्हातारा तिला शीर म्हणतो. सोनोग्राफीचे फोटो बरोबर आणले होते.

सौदा असा ठरला की चरबी आम्ही घ्यायची, अभ्यास आम्ही करायचा, आणि वाढवलेल्या पेशी याकूतच्याच फाटक्या कंडरेत सुईने सोडायच्या. मात्र दोन महिन्यांच्या आसपास सोडल्या तरच उपयोग. नंतर त्या जागी कडक वण धरतो, मग मूलपेशी काय आणि गुलाबपाणी काय, सारखंच.

"कापणार किती?" त्याने विचारलं.

"चमचाभर. शेपटीच्या बुडाशी, बाजूला. गुंगी देऊन, उभ्या उभ्या."

त्याने डोळे मिटून घेतले. ऊन होतं खरं. मग म्हणाला, "पुढल्या गुरुवारी या. मी सगळं तयार ठेवतो."

१० ऑक्टोबर, गुरुवार

चरबी मिळाली. पण काय ते नखरे!

आम्ही पोचलो तर फाटक बंद, तबेल्याच्या खिडकीला पोतं लावलेलं, गडीमाणसं शेतात पिटाळलेली. घोडा मानेपासून कमरेपर्यंत जाड झुलीखाली. तोंडावरही फडकं. उघडं काय, तर फक्त ढुंगण. मी म्हटलं, "बा बुअज्जा, नवरी आहे का ही?" तो हसला नाही. "मुकद्दमचा घोडा आहे पोरी. नजर लागते."

शास्त्राच्या पदव्या घेऊन मी अशा ठिकाणी येते आणि नजरेशी भांडत बसते. हानिया, आमची प्रयोगशाळेतली सहायक, मला मानाने लल्ला म्हणते, ती कोपराने ढोसून म्हणाली, "लल्ला इत्तो, लागते हं नजर. माझ्या मावशीची गाय—" मी तिला गाय पुरी करू दिली नाही.

मानेतली चिप वाचायचं यंत्र बरोबर होतं, पण झूल काढायला म्हातारा तयार होईना. अर्धा इंचसुद्धा नाही. वाद घालण्यात वीस मिनिटं गेली असती, आणि घोड्याच्या पासपोर्टावर चिपचा नंबर होताच की. तो उतरवून घेतला. फॉर्मात "चिप वाचली?" या प्रश्नापुढे होय लिहिलं. नंबर तर तोच. संमतीच्या पानावर म्हाताऱ्याची सही घेतली.

काम सुरेख झालं. तीन टाके. गुंगी चढण्याआधी घोडा चांगलाच तोऱ्यात होता, पट्टी बांधलेल्या डाव्या पायाने जमीन उकरत होता. चार आठवड्यांत एवढी सुधारणा म्हणजे पेशी सोडल्यावर काय होईल, असं हानियाला मी परतताना म्हटलंसुद्धा. कापायच्या जागी केसांचा एक छोटा भोवरा होता, केस भादरायचं मशीन त्यात अडकत होतं, तेवढा एक त्रास.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चिकटल्या! चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाशी लांबुडक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. आधीच्या चार घोड्यांत कोणाच्याही इतक्या लवकर धरल्या नव्हत्या. अकरा वर्षांच्या घोड्याच्या पेशी इतक्या तरुण कशा? बर्बर रक्त, दुसरं काय. सगळ्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात "याकूत" लिहून टाकलं.

हानिया म्हणते, "नवरा केला असतास तर त्याची एवढी काळजी घेतली असतीस?"

"नवऱ्याला सदतीस अंशांवर ठेवावं लागत नाही."

"तेच तर चुकलं तुझं," ती म्हणाली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बा बुअज्जा बाजार करून तसाच बसने आला. ताकाचं कॅन आणि हानियासाठी गरम मसमनच्या घडीच्या पोळ्या, फडक्यात बांधून. प्रयोगशाळेत खाणं आणायचं नसतं हे मी त्याला सांगितलं आणि मग आम्ही तिघांनी जिन्यात बसून ते खाल्लं.

टाके त्याने स्वतःच काढले म्हणे, जखम भरली. मग मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या त्याला. मग दिसल्या. मी म्हटलं, "बघा, हा तुमचा याकूत."

बराच वेळ त्याने डोळा हलवला नाही. "जिवंत आहेत?"

"आहेत तर. दोन दिवसांत दुप्पट होतात."

"आणि नाव लिहायलाच हवं का बाटलीवर?"

हानिया फिसकन हसली. मी समजावलं की नाव नसेल तर एका घोड्याचं दुसऱ्याला जाईल, अनर्थ होईल. त्याने मान डोलावली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तू फार खुश दिसतेस." दिसत असेन. कोणी सूक्ष्मदर्शकातून बघून इतकं हेलावलेलं मी आजवर पाहिलं नाही. आमच्या समितीचे लोक तर फोन बघत असतात.

६ नोव्हेंबर, बुधवार

खुणांचा आठवडा. पेशीच्या अंगावर कुठल्या खुणा आहेत ते अँटिबॉडी लावून बघायचं. जी हवी ती असली पाहिजे, जी नको ती नसली पाहिजे. पण बाजारातल्या बहुतेक अँटिबॉडी माणसासाठी नाहीतर उंदरासाठी बनवलेल्या. घोड्यावर लागेल की नाही ते लावूनच कळतं. एक महागडी कुपी पार वाया गेली. घोड्याला विचारून कोणी काही बनवतच नाही.

बाकी हव्या त्या तीन खुणा झकास आल्या. पण एक नको ती आली. ही खूण म्हणजे पेशीच्या अंगावरचं घराण्याचं नाव. ती असलेली पेशी परक्या घोड्याच्या अंगात गेली, तर ते अंग ती परकी म्हणून ओळखतं आणि तिच्यावर तुटून पडतं. स्वतःच्याच अंगात गेली तर तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आधीच्या चार घोड्यांत शंभरातल्या पाच-सात पेशींवर होती. याकूतमध्ये शंभरात सत्तर.

उस्तादांकडे आलेख घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला. "ह्या पेशी ज्याच्या त्यालाच जाणार ना?"

"हो."

"मग अहवालात एक परिच्छेद लिही आणि पुढे हो. घोडे काही पुस्तक वाचून जन्माला येत नाहीत."

बरोबर आहे त्यांचं. तरी ती सत्तरची रेघ मला घरी येईपर्यंत दिसत राहिली.

९ नोव्हेंबर, शनिवार

म्हाताऱ्याचा फोन. ऑलिव्ह उतरवायची लगबग चालली होती, मागे काठ्यांचे आवाज. म्हणाला, "पोरी, एक विचारू? एकीचंच दूध प्यायलेले दोघे तुझ्या काचेखाली सारखे दिसतील का?"

सुट्टीच्या दिवशी असे प्रश्न! पण मला आवडतं त्याचं हे असं कुठूनही काहीतरी विचारणं. मी सविस्तर सांगितलं. दुधाचं नातं माणसांनी मानलेलं, दूधभावाशी लग्न करायचं नाही एवढ्यापुरतं. पेशींना फक्त आईबापाचं रक्त कळतं. दूध पोटात जिरून जातं.

"अजिबात कळत नाही?"

"अजिबात नाही, बा बुअज्जा."

पलीकडे तो कोणाला तरी काठ्या थांबवायला ओरडला. मग म्हणाला, "आपल्यात तर दूधभावाला जीव द्यावा म्हणतात." मी म्हटलं, द्यावा की, पण पेशी देता येणार नाहीत. माझं मीच हसले. त्याने सुईची तारीख तीच आहे ना विचारलं. तीच, एकोणीस.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तिन्ही रंग आले. एका ताटलीत पेशींनी हाडाचा चुना धरला, लालभडक. दुसरीत चरबीचे थेंब, मण्यांसारखे. तिसरीत कूर्चेची निळी गोळी. एकाच पेशीच्या लेकी आणि तीन वाटांना गेल्या. मी दार लावून घेतलं आणि थोडी रडले. सहा वर्षं यात घातलीत, कोणाला सांगायला जावं तर "म्हणजे घोड्याची चरबी" म्हणतात.

पाचवा घोडा पुरा. ओळख पटली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हे सगळं लिहायला हवं, जसं झालं तसं.

पहाटे पेशी उचलल्या, एक कोटी, दोन सिरिंजमध्ये, थंड पेटीत. पाच-सहा तास टिकतात, त्यानंतर मरायला लागतात. नऊला पोचलो. आज फाटक उघडं, झूल नाही, फडकं नाही. म्हातारा स्वतःहून म्हणाला, "पायाला सुई ना? तिथं आधीच मोडलंय, तिथं काय नजर लागणार."

याकूत मला आठवत होता त्याहून मोठा वाटला. झुलीशिवाय पहिल्यांदाच बघत होते म्हणून असेल, असं मनात आलं. तबेल्यातून बाहेर येताना डावा पाय अगदी टेकवत नव्हता. माझा चेहरा पडला. गेल्या महिन्यात जमीन उकरत होता तो, एवढ्या विश्रांतीनंतर ही अवस्था? हानियाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

चिप वाचली. नंबर पासपोर्टाशी तंतोतंत जुळला. खोटं कशाला बोलू, मोठं ओझं उतरलं. सव्वा महिना त्या "होय"ने मला कुठेतरी टोचलं होतं, हे ओझं उतरल्यावर कळलं.

सोनोग्राफी केली. फाटलेली जागा अजून मऊ होती, वण धरला नव्हता. अगदी योग्य वेळ. सुई लावण्याआधी फक्त जुनी जखम बघून नोंद करायची होती. शेपटी बाजूला केली, केसांतून बोट फिरवलं. काही लागेना. पुन्हा फिरवलं.

"बा बुअज्जा, टाके कुठल्या बाजूला होते?"

"उजव्या."

"उजवीकडे काही नाही."

"मग डाव्या असतील."

डावीकडेही बघितलं. कातडी गुळगुळीत. मशीनला त्रास देणारा तो भोवरासुद्धा नव्हता. वण एक वेळ केसांत लपेल, भोवरा कुठे जाईल? मी उभी राहिले आणि तोही उभा होता, लगाम दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता.

"कोणाला कापलं मी?"

त्याने मान वळवून हाक मारली, "मिमून!" शेवटच्या कप्प्यातून एक लालतांबडं डोकं बाहेर आलं. तसाच रंग, तसाच कपाळावर पांढरा टिकला, वयाने निम्मा. त्याच्या शेपटीशी माझ्या तीन टाक्यांच्या खुणा होत्या, नीट भरलेल्या. भोवरा होता. मानेत दुसरा नंबर.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. हानियाने मला दंडाला धरून मागे ओढलं.

मग तो बोलला. पाच वर्षांमागे याकूतच्या बापाला दातांची वाढलेली टोकं घासून द्यायला गुंगी दिली होती. उभा होता, मान खाली गेली, गुडघे गेले, उठलाच नाही. "तू गुंगी म्हणालीस तेव्हाच माझं ठरलं. याकूतला नाही देणार. ज्याच्यावाचून मी जगेन त्याला उभा केला. मिमूनवर माया नाही असं नाही. पण ते वेगळं." याकूतच्या आईला दूध आलं नव्हतं. ज्या घोडीने याकूतला पाजलं, तिनेच पुढे मिमूनला पाजलं. "एकीच्याच आचळाला वाढले दोघे. दूधभाऊ आहेत. मला वाटलं मांस ओळखेल मांसाला. तुझी चरबी म्हणजे चमचाभर, कोणाचीही का असेना. तिला नाव असतं हे मला कुठं माहीत?"

"मी दाखवलं तेव्हा का नाही बोललात?"

"तू किती खुश होतीस."

"आणि फोनवर मी सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा तू अजिबात नाही म्हणालीस. मग सांगून काय उरलं असतं? तू आलीच नसतीस."

साडेदहा झाले होते. पेटीत एक कोटी पेशी. म्हातारा म्हणाला, "सोड त्या. आता आल्यात तर सोड. दुधाला काही कळत नसेल, पण देवाला कळतं." आणि हानिया, चौदा वर्षं माझ्यासारखीच पांढरा कोट घालणारी, हळूच म्हणाली, "लल्ला इत्तो, कधी कधी परक्याच्याही चालतात. कित्येक ठिकाणी सोडतात लोक."

चालतात. मला माहीत आहे चालतात. नुसत्या परक्या असत्या तर मी सोडल्याही असत्या, देवाशपथ. पण शंभरात सत्तर! अंगावर दुसऱ्या घराण्याचं नाव मिरवणाऱ्या सत्तर. त्याची कंडरा आधीच चिंधी झालेली, तिच्यात आत लढाई पेटली तर तो पाय कायमचा गेला. नाही सोडल्या तर वेळ गेली. आज मऊ आहे ते सहा आठवड्यांनी मऊ नसणार. मी पेटीवर हात ठेवून पाऊण तास त्या ओट्यावर बसले. म्हाताऱ्याने चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

नाही सोडल्या.

परत येताना पेटी हानियाच्या मांडीवर होती. तिफ्लेतच्या पुढे ती म्हणाली, "आता मरायला लागल्या असतील ना?" मी गाडी बाजूला घेतली. ती खाली उतरून माझ्या बाजूला आली आणि पुढे तीच गाडी चालवत आली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल दिवसभर म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. नजर, दूध, देव, अडाणी. आज सकाळी फॉर्म काढला आणि माझंच अक्षर दिसलं. चिप वाचली? होय. एक मिनिटाचं काम होतं. झुलीखाली हात घालून यंत्र मानेला टेकवलं असतं तर मिमून त्या दिवशीच सापडला असता आणि आज याकूतच्या पायात त्याच्या स्वतःच्या पेशी असत्या. म्हातारा निदान घाबरून खोटं वागला. मी तर घाबरलेही नव्हते, मला नुसता कंटाळा आला होता.

उस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "पेशी खऱ्या, घोडा खरा. मिमूनची चिप वाचून ये, दहा ऑक्टोबरची तारीख टाक. पाचवा घोडा मिमून. फक्त नाव चुकलं होतं."

मला पटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कधीतरी मी शूर असल्याचा आव आणीन. मी तिथून उठून पार गाडीपर्यंत गेले, किल्ली लावली. आणि मग वाटलं, ज्या कामात आयुष्यभर एकच प्रश्न विचारायचा आहे की ही पेशी नक्की कोण, त्या कामात मी घोडा कोण हेच खोटं लिहिणार. वर आले. "होय" खोडलं, "वाचली नव्हती" लिहिलं, सही केली आणि समितीला पाठवून दिलं.

उस्तादांनी कागद वाचून बाजूला ठेवला. अहवाल चार घोड्यांचा जाईल. माझ्या कराराबद्दल म्हणाले, "आता माझ्या हातात नाही." मी जायला वळले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "डिसेंबरअखेरपर्यंत इनक्युबेटर तुझाच आहे. त्यात काय ठेवतेस ते मी विचारणार नाही."

२५ नोव्हेंबर, सोमवार

बा बुअज्जाला फोन करायला तीनदा उचलला आणि ठेवला. चौथ्यांदा त्याचाच आला. "ये," म्हणाला. "याकूतला काप."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

फाटक सताड उघडं. ऑलिव्ह झोडणाऱ्या बाया कुंपणावरून बघत होत्या, त्याने त्यांना हाकललं नाही.

चिप वाचली, आकडे मोठ्याने. मग संमतीचं पान पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. गुंगीत घोडा दगावू शकतो, ही ओळही त्यात आहे. ती ऐकून त्याने मला थांबवलं.

"हे तेव्हा का नाही वाचलंस?"

"वेळ नव्हता."

"मला होता," तो म्हणाला.

मी उरलेलंही सांगून टाकलं. पेशी तयार व्हायला डिसेंबरअखेर होईल. तोवर वण कडक झालेला असेल. "तो पुन्हा पळेल असं मी म्हणणार नाही, बा बुअज्जा. बहुतेक नाहीच पळणार. तुम्हाला नको असेल तर मी अशीच परत जाते."

त्याने याकूतकडे बघितलं. सोर्ब्यातल्या पंधरा जणांना त्याने रविवारीच सांगून टाकलं होतं, हे मला हानियाकडून नंतर कळलं. पुढच्या वर्षी मुकद्दम दुसरा बघा म्हणून.

"पळायचं राहू दे," तो म्हणाला. "सकाळी पाण्यावर नेतो तर वाटेत तीनदा थांबतो तो. मान वळवून माझ्याकडे बघतो, जसं काही मीच केलंय. तीनदाचं एकदा होईल का?"

"होऊ शकेल."

"काप मग."

गुंगी नेहमीच्या निम्मी दिली, बाकीचं जागा बधिर करून भागवलं. हानिया म्हणाली लाथ बसेल, मी म्हटलं बसू दे. म्हाताऱ्याने याकूतचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिला, मला ऐकू येईल असं नाही. चमचाभर चरबी, तीन टाके. घोड्याची मान खाली गेली, गुंगीत जाते तशी. म्हाताऱ्याने ते डोकं दोन्ही हातांनी तोलून धरलं.

मी पेटी बंद केली. रबात दीड तासावर, पेशींना उशीर चालत नाही, ताज्या असताना धुतल्या तर दुप्पट मिळतात. हानिया गाडीपाशी गेलीसुद्धा.

"तेव्हा त्याच्या बापाजवळ कोण थांबलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. डॉक्टरला पुढे जायचं होतं."

मी पेटी सावलीत ठेवली आणि त्याच्या शेजारी पेंढ्यावर बसले. पंचवीस मिनिटं गेली, पस्तीस गेली. एकदा याकूतचा गुडघा लचकला आणि म्हाताऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की अजून बोटं दुखताहेत. चाळिसाव्या मिनिटाला घोड्याने कान हलवला. मग मान उचलली, जोरात फुरफुरला आणि समोरच्या पेंढ्यात तोंड घातलं.

म्हातारा त्याच्या मानेत तोंड खुपसून रडला, बायांसमोर, अगदी मोठ्याने. मग जलाब्याच्या बाहीने डोळे पुसून माझ्याकडे वळला.

"जा आता पोरी," म्हणाला. "त्याच्या पेशी खोळंबल्यात."